जखम न सोडता कळली तर

महोदय,

'स्मार्ट बँडेज'वरची, म्हणजे जखमेची स्थिती मोजून मोबाइलवर कळवणाऱ्या पट्टीवरची, आपल्या अंकातली बातमी वाचली. ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं ड्रेसिंग केलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

बातमीचा सगळा भर मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांवर होता. माझं लक्ष मात्र त्यातल्या हायड्रोजेलकडे गेलं. पाणी धरून ठेवणारा हा जेलीसारखा थर. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2022 मध्ये उंदरांवर वापरलेल्या पट्टीतलं जेल त्वचेला घट्ट बसतं आणि 40 अंशांपर्यंत कोमट केलं की अलगद सुटतं. सुकून चिकटलेला गॉज सलाईन ओतून ओतून ज्याने सोडवलाय, त्यालाच यातलं सुख कळेल. गॉजबरोबर नुकती धरलेली कोवळी कातडी निघते, रक्त येतं, आठवड्याची मेहनत वाया. जखम ओलसर राहिली तर सुमारे दुप्पट वेगाने भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवर दाखवलं होतं. आपल्याकडे अजून 'वारं लागू दे, खपली धरू दे' चालूच आहे.

पण आत काय चाललंय हे पट्टी न सोडता कळणं, याची सर्वांत जास्त गरज मधुमेहींना आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 च्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. माझा एक पेशंट, ऊसतोड मजूर, चपलेचा खिळा टोचलेला पाय घेऊन एकदा आला आणि मग बरेच दिवस फिरकला नाही. "सिस्टर, दुखतच नव्हतं, मग खाडा कशाला करायचा?" वास सुटला तेव्हा आला. दोन बोटं काढावी लागली.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. रेंगाळलेली, जंतू धरलेली जखम अल्कधर्मी होते. तिचा सामू (pH, आम्ल-अल्क मोजायचा आकडा) 7 ते 9 पर्यंत जातो. जेलमध्ये योग्य रंगद्रव्य घातलं की हा बदल रंगातून दिसतो. यात अवघड काही नाही. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. (म्हणून जखमेत हळद कोंबून येऊ नका, ती धुता धुता आमचा जीव जातो.)

म्हणून मला ॲपपेक्षा रंग बदलणारी चकती बरी वाटते. चार्जिंग नको, रेंज नको. आशाताईंनी हातातल्या रंगपट्टीशी ताडून पाहिलं आणि त्याच दिवशी तालुक्याला पाठवलं, एवढं झालं तरी पुष्कळ.

मात्र संशोधकांनी एकदा आमच्या ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसावं. इथे बहुतेक जखमा बेटाडिनने आधीच तपकिरी झालेल्या असतात. त्यावर चकतीचा बदललेला रंग कसा ओळखायचा? फार पाणी सुटणाऱ्या जखमेवर जेल ठेवलं तर कडेची कातडी पांढरी पडून फुगते, तेव्हा चकतीने ओल शोषूनही घ्यायला हवी. आणि ती भेगाळलेल्या टाचेवर, दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या पायावर टिकते का, हे उंदरांवर कळणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा