जळालेल्या उतारावर खड्डे कशाला?

महोदय,

येऊरच्या डोंगरावर मार्चमध्ये वणवा लागला, की पावसाळ्यात त्याच उतारावर वृक्षारोपण करायचे, असा ठाण्यात आता रिवाजच पडला आहे. गेल्या पावसाळ्यात अशा एका ठिकाणी रोपासाठी घेतलेला खड्डा अगदी एका कुंभ्याच्या बुंध्याला भिडलेला दिसला. बुंधा वरून काळाठिक्कर पडला असला, तरी तळाशी त्याला वीतभर उंचीचे तीन तांबूस धुमारे आले होते आणि त्यांना पोसणारी मुळे कुदळीने तोडली गेली होती. खड्ड्यातले रोप दिवाळीपूर्वीच वाळले. लावलेल्या रोपांचा आकडा मात्र आयोजकांच्या फलकावर अजून झळकतो आहे.

जळालेली जमीन म्हणजे मोकळी जमीन, हा समजच मुळात चुकीचा आहे. पळस, कुंभा, ऐन, साग यांची खोडे होरपळली, तरी मुळे बहुधा जिवंत राहतात आणि त्यांतूनच रान पुन्हा उभे राहते. अमेरिकेत १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा मोठे वृक्ष आडवे झाले, पण बर्फाच्या थराखाली दबलेली लहान झाडे काही ठिकाणी वाचली आणि पुढे तेथील जंगलाची सुरुवात त्यांच्यापासून झाली. येऊरला ना ज्वालामुखी आहे ना बर्फ. पण आपत्तीनंतर काय शिल्लक उरले हे आधी पाहावे लागते, एवढे तरी त्यातून घेता येईल.

शिवाय सगळा डोंगर एकाच गतीने सावरत नाही. ओहोळाच्या कडेला माती खोल असते व ओल टिकते, म्हणून तेथे झाडोरा लवकर दाटतो. कातळ उघडा पडलेल्या माथ्यावर वर्षानुवर्षे गवतच राहते आणि तेच गवत उन्हाळ्यात पुढच्या आगीचे इंधन होते. त्यामुळे एका वणव्यापेक्षा दोन वणव्यांमधले अंतर अधिक निर्णायक ठरते. येऊर ज्यात मोडते त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर कारवी २०२४ मध्ये बहरली. बी धरून ती झुडपे वाळली. त्या बियांतून उगवलेल्या रोपांना फुलायला पुन्हा सात-आठ वर्षे लागणार. आपल्याकडचे वणवे बहुतांशी माणसानेच लावलेले असतात, आणि एकाच उतारावर ते दर उन्हाळ्यात लागत राहिले, तर ही कोवळी रोपे तगायची कशी?

म्हणून वृक्षारोपणाच्या खर्चातला मोठा वाटा जानेवारीतच जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढण्यासाठी आणि मे अखेरपर्यंत स्थानिक पाड्यांतील तरुणांना अग्निरक्षक म्हणून नेमण्यासाठी वापरावा. जळालेल्या पट्ट्यात किमान पाच वर्षे चराईबंदी असावी. रोपे लावायचीच असतील, तर जुलैमध्ये आधी तेथील फुटव्यांची मोजणी करावी आणि जेथे ते आढळणार नाहीत, तेथेच खड्डे घ्यावेत.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)