परदेशी बेडकांची नोंदणी झाली, तपासणीचे काय?

मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री, भारत सरकार, यांस

महोदय,

इक्वेडोरच्या अँडीजमध्ये गॅस्ट्रोथेका रिओबाम्बे नावाचा वृक्षबेडूक आहे. नर मागच्या पायांनी फलित अंडी मादीच्या पाठीवरच्या पिशवीत सारतो. काही आठवड्यांनी मादी पायाच्या बोटाने पिशवीचे तोंड ताणून टॅडपोल पाण्यात सोडते. एवढी तजवीज करूनही पिल्ले शेवटी पाण्यातच येतात, आणि बेडकांचा जीव घेणाऱ्या कायट्रिड या त्वचेवरच्या बुरशीचे पोहणारे बीजाणू पाण्यातूनच पसरतात.

ही बुरशी केराटिन या त्वचेतल्या कठीण प्रथिनावर वाढते. टॅडपोलच्या फक्त तोंडापाशी केराटिन असते, म्हणून संसर्ग होऊनही तो धडधाकट दिसतो. बेडूक होताना केराटिन अंगभर येते आणि त्यामागून बुरशीही. त्वचेतली सोडियम-पोटॅशियमची ने-आण बिघडते, हृदय बंद पडते. 2019 च्या एका जागतिक अभ्यासानुसार या रोगाने किमान 501 उभयचर जाती घटल्या.

ही बुरशी देशोदेशी नेण्यात जिवंत प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात आहे. आपल्या 2024 च्या नियमांनी परदेशी प्राण्यांची नोंदणी आणली, ती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या जातींपुरती. पाळण्यासाठी जगभर विकला जाणारा ऑस्ट्रेलियाचा व्हाइट्स ट्री फ्रॉग त्यात बसत नाही. बुरशी यादी वाचून येत नाही.

म्हणून यादीत असो वा नसो, आयात झालेल्या प्रत्येक उभयचराची पीसीआर चाचणी सक्तीची करा. पोट, मांड्या आणि पावलांवरून कोरडा स्वॅब फिरवायचा, टॅडपोलच्या तोंडावरून. दर प्राण्याला नवे हातमोजे. एका निगेटिव्हवर सोडू नका, थोडा संसर्ग निसटतो. प्राणी 17 ते 23 अंशांत ठेवा. ऊब दिली की बुरशी दबते आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो; नेमकी हीच चूक सर्रास होते.

‘बुरशी इथे आहेच की’ असे कुणी म्हणेल. आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती सापडल्याचे 2013 मध्येच प्रसिद्ध झाले, पण तो आशियाई प्रकार होता. जगभर साथ आणणारा वंश वेगळा आहे, आणि दोन वंशांचा संकर झाला तर काय निपजेल, हे आंबोलीच्या ओढ्यांत आजमावून पाहायचे नाही.

विक्रेत्यांच्या टाक्यांतले पाणी गटारात जाते, त्यालाही नियम हवा: आधी गाळ गाळून काढा, कारण चिखलात ब्लीच वाया जाते, मग ब्लीच घाला आणि नंतरच पाणी सोडा.

आपले,
सह्याद्रीतील उभयचरांचे अभ्यासक