सोबतीला बाई हवी, पण शेजारच्या गावची

मा. संपादक,
स.न.

जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर आहे, पीडित महिलांनी लाभ घ्यावा, अशी चौकट पेपरात अधूनमधून येते. चांगलंय. २०१५ पासूनची योजना आहे ही, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन सगळं एका छताखाली, आणि घरी परत जायची सोय नसेल तर ५ दिवस राहताही येतं. पण मी चोपडा तालुक्यात २९ वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय, त्यातली बरीच सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रात, त्यामुळे ती चौकट वाचली की मला पहिला प्रश्न हाच पडतो की तिला तिथपर्यंत नेणार कोण? आमच्याकडून जळगाव जवळ म्हणायचं, धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं तर घाट उतरण्यातच दिवस जातो.

अत्याचार झालेली एक पोरगी आठवते. गाव न साल सांगत नाही, कायद्यानं सांगता येत नाही आणि तसंही मी सांगितलं नसतं. सकाळी माय तिला घेऊन आली, हातात कॅरीबॅग आणि त्यात पोरीचे कपडे, ओले. रात्रीतून मायनं ते तीनदा धुतले होते, साबण लावून, दगडावर आपटून. पोरीलाही आंघोळ घातलेली, केस विंचरून घट्ट वेणी. डॉक्टरकडे न्यायचं तर स्वच्छ करून न्यावं एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि मी काय केलं तर तिच्यावर ओरडले, अगं बाई सगळा पुरावा धुतला तू म्हणून. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते, तिला हे आधी सांगितलं कोणी होतं?

मग रेफर केलं. मोठ्या दवाखान्यात दोघी बाकड्यावर बसल्या, साडेदहापासून तीनपर्यंत, आणि मग एक माणूस केसपेपर घेऊन बाहेर आला न मोठ्यानं म्हणाला, ती कालच्या प्रकरणातली कोणे गं? सगळ्या बाया वळून बघायला लागल्या, त्यात त्यांच्याच गल्लीतली एक होती, सुनेला दाखवायला आलेली. या दोघी परत यायच्या आत बातमी गावात. माय मला नंतर म्हटली, "आते गावमा तोंड कसं दखाडू, सिस्टर?" केस पुढे काही उभी राहिली नाही. गावातल्या पंचांनी बसून मिटवलं. मिटवलं म्हणजे काय ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको.

आता कोणी म्हणेल गावोगावी आशा ताई आहेत, त्यांना ट्रेनिंग द्या. मला हे पटत नाही, आणि आशांबद्दल मला प्रेम आहे म्हणूनच पटत नाही. आशा त्याच गावची सून असते. आरोपी कधी तिचा चुलत दीर निघतो, कधी ज्याच्या शेतात नवरा सालदार आहे तो मालक. तिनं साथ दिली तर तिचंच घर गावात एकटं पडतं. आणि पोरीच्या बाजूनं बघा, हिला कळलं म्हणजे उद्या नळावर सगळ्यांना कळणार ही भीती तिला असतेच, खरी असो की खोटी. म्हणून माझं म्हणणं असं की बाई जवळची पाहिजे, आपली भाषा बोलणारी पाहिजे, पण आपल्या गावची नको. ८-१० किलोमीटरवरच्या गावची. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला अशा दोन बाया नेमा, रीतसर मानधन द्या, गाडीभाडं द्या, गळ्यात ओळखपत्र द्या, नाहीतर पोलीस स्टेशनच्या दारातच विचारतील तू कोण. गावातल्या आशानं फक्त एक फोन करायचा, बाकी काही नाही.

भाषेचं मुद्दाम सांगते. अक्कलकुवा-धडगावकडे पावरी, भिली, आमच्या खालच्या पट्ट्यात अहिराणी. समुपदेशन, जबाब, अत्याचार हे शब्द पोरीनं कधी तोंडात घेतलेले नसतात, समोरची मॅडम कितीही चांगली असली तरी पोरगी नुसती मान हलवते न कागदावर भलतंच लिहिलं जातं.

आणि या बाईला फार शिकवायचं नाहीये. कपडे धुवायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत नाही तर कागदात गुंडाळून आणायचे. धुतले असले तरी आणायचे आणि दवाखान्यात यायचंच. गर्भ राहू नये याची गोळी आणि एचआयव्हीसाठीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे, म्हणून आधी पोलीस की आधी दवाखाना यात वेळ घालवायचा नाही, एफआयआर नसला तरी उपचार द्यावेच लागतात, खाजगी दवाखान्यालाही, तेही फुकट. तपासणी तिला विचारूनच करायची, अगदी लहान असली तर घरच्यांना विचारून, आणि योनीमार्गात दोन बोटं घालून करायची ती तपासणी सुप्रीम कोर्टानं २०१३ ला चूक ठरवलीये, २०२२ ला परत बजावलंय, कोणी करायला लागलं तर थांबवायचं. आणि झिरो एफआयआर. हे तर आपल्या ऊसतोडीच्या लोकांसाठी फार मोठं आहे, टोळी गुजरातेत बारडोलीकडे पडावावर असते, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, घटना घडते, मुकादम म्हणतो सीझन संपू दे मग बघू, आणि गावी आल्यावर ठाण्यातून सांगतात हद्द आमची नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते न पुढे पाठवावी लागते.

पण खरी गरज पुढे लागते, तारखांना. एक तारीख म्हणजे पोरीची न मायची दोघींची मजुरी बुडते, कापूस वेचणीच्या दिवसात तर विचारूच नका, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात समोर आरोपीची सगळी भावकी उभी. मग पोरगी साक्ष फिरवते न लोक म्हणतात पैसे घेतले असतील. एकदा तुम्ही त्या व्हरांड्यात तिच्याशेजारी उभे राहून बघा.

गंमत म्हणजे सोबतीची ही गोष्ट कायद्यात आहेच, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत सपोर्ट पर्सन आहे, तपासापासून खटला संपेपर्यंत मुलाबरोबर. म्हणजे १७ वर्षांच्या पोरीला सोबत मिळते (कागदावर तरी) आणि १९ वर्षांची असली की एकटीनं लढ. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांना धरून महिलांसाठी विशेष कक्ष काढला, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसवली, ते काम आज बऱ्याच जिल्ह्यांत पोचलंय. मग तालुक्याच्या खाली का नको? अत्याचार झालेल्या बायकांना न मुलांना पैशाची मदत देणारी मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, गंभीर केसमधे १० लाखापर्यंत मदत आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते, पण आधार, बँक खातं, कागद यातच माय थकते. तिथेही हीच बाई लागेल.

आता थोडं पेपरांबद्दल, राग मानू नका. जळगावात १९९४ ला मुलीबायांच्या लैंगिक शोषणाचं जे प्रकरण उघडकीला आलं तेव्हा कित्येक जणी पुढे यायलाच तयार नव्हत्या, नावाच्या भीतीनं. आज नाव छापत नाहीत हे मान्य, पण अमुक गावातल्या शेतमजुराची दहावीतली मुलगी, आईवडील वेचणीला गेले असताना, असं छापल्यावर तालुक्यात कोणाला कळायचं राहतं? भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ ओळख उघड करण्याबद्दल आहे, नुसत्या नावाबद्दल नाही. गावाचं नाव गाळलं तर बातमीचं काय बिघडतं? त्या जागेत महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीला ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर टाका. आणि खरं तर रोजच टाका, केळी न कापसाच्या भावाच्या शेजारी, तो कोपरा आमच्याकडे सगळे वाचतात.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, ता. चोपडा
(नाव छापू नये ही विनंती, केस माझ्या हाताखालची आहे)