सम इकडे, विषम तिकडे

ल्यूव्हन (बेल्जियम), रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

"तिथलं विद्यापीठाचं ग्रंथालय पाहिलंस का?" असं बाबा दर फोनला विचारतात आणि मी दर वेळी "पुढच्या शनिवारी" म्हणते. तो शनिवार काल एकदाचा उगवला. फोनवर सांगायला घेतलं तर आई मध्येच "जेवलीस का" म्हणेल, म्हणून लिहूनच पाठवते.

चौकात शिरलं की आधी दिसतो तो किडा. खरंच किडा! तेवीस मीटर उंच सुईच्या टोकावर उताणा टोचलेला भला मोठा हिरवा भुंगा. विद्यापीठाच्या 575 व्या वर्षानिमित्त यान फाब्र या शिल्पकाराने केलेला. आई, तुला तो अजिबात आवडणार नाही. त्याच्यामागे ग्रंथालय, आणि त्यावर घंटांचा मनोरा.

विद्यापीठ 1425 सालचं, म्हणून मी काहीतरी पाचशे वर्षांपूर्वीचं बघायला मिळेल अशा समजुतीत गेले. इमारत निघाली 1928 ची. जुनं ग्रंथालय दुसऱ्या रस्त्यावर होतं. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन सैन्य गावात शिरलं आणि 25 तारखेच्या रात्री त्याने ते पेटवून दिलं. जवळपास 3 लाख पुस्तकं आणि शेकडो हस्तलिखितं गेली. जगभर एवढा संताप उसळला की महायुद्ध संपल्यावर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहात, 247 व्या कलमात, ल्यूव्हनचं नाव घेऊन लिहिलं गेलं: जळलेल्या पुस्तकांच्या तोडीची पुस्तकं जर्मनीने भरून द्यावीत. जळालेलं हस्तलिखित कसं भरून देतात कोण जाणे.

इमारतीचे पैसे आले अमेरिकेतून. तिथल्या शाळा-कॉलेजांनी वर्गणी काढली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांनीही त्यासाठी खटपट केली. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर "अमुकतमुक यांचे स्मरणार्थ" असं कोरलेलं असतं ना, तशी इथल्या दगडादगडावर त्या शाळा-कॉलेजांची नावं आहेत. बाहेर उभी राहून मी ती वाचतच राहिले. घंटा दिल्या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थांनी, तेव्हा 48, आता 63 आहेत. आई, त्या दोरी ओढून वाजवत नाहीत. वर एक माणूस बसतो आणि लाकडी दांड्यांवर मुठी आपटून गाणं वाजवतो. मनोऱ्याच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तुझ्या गुडघ्यांसाठी मी खाली बाक बघून ठेवला आहे.

आता बाबांसाठी. आर्किटेक्ट व्हिटनी वॉरन यांना इमारतीच्या कठड्यावर मोठ्या अक्षरांत एक लॅटिन ओळ हवी होती. अर्थ असा की जर्मनांच्या क्रोधाने उद्ध्वस्त, अमेरिकेच्या दानाने पुन्हा उभी. विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, लादझ म्हणाले, नको. युद्ध संपून दहा वर्षं होत आली, आता ग्रंथालयाच्या कपाळावर राग गोंदवून काय मिळवायचं? वॉरन हटून बसले. प्रकरण कोर्टात गेलं, कठड्याची मोडतोडही झाली. शेवटी ओळ लागलीच नाही. खाली उभं राहून वर पाहिलं की कोरा कठडा दिसतो, आणि तो चौक आज लादझ यांच्या नावाने ओळखला जातो. मला तरी रेक्टरांचंच पटलं. तुम्ही कदाचित वॉरनची बाजू घ्याल, मला माहीत आहे.

राग कोरला नाही म्हणून आग टळली असंही नाही. मे 1940 मध्ये जर्मन पुन्हा आले आणि ही इमारतही पेटली. या खेपेला सुमारे 9 लाख पुस्तकं गेली. इमारत पुन्हा त्याच नकाशावर बांधली. मी ज्या लाकडी वाचनकक्षात तासभर बसले, तो या दुसऱ्या फेरीचा. एवढी शांतता की मला माझ्या पिशवीच्या चेनची लाज वाटली.

तिसरी गोष्ट मात्र शत्रूने केली नाही, घरच्यांनीच केली. विद्यापीठात डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे दोन्ही होते. 1968 मध्ये त्यांच्यातलं भांडण इतकं चिघळलं की सरकार कोसळलं आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच शाखेसाठी पंचवीस-तीस किलोमीटरवर लूव्हँ-ला-नव्ह हे नवं गावच वसवलं. मग ग्रंथालयाची वाटणी आली. बऱ्याचशा पुस्तकांचा निवाडा कसा केला असेल? कपाटातला क्रमांक सम असेल तर एकीकडे, विषम असेल तर दुसरीकडे!

हे कळलं तेव्हा मी हसले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. आणि मग हसू येईना.

बाबा, वाड्याची वाटणी झाली तेव्हा आजोबांच्या कोशाचे पहिले पाच खंड आपल्याकडे आले आणि पुढचे पाच काकांकडे गेले. मी तेव्हा सहावीत होते. शाळेसाठी "भ"च्या पुढचा शब्द लागला की अंगण ओलांडून काकांकडे जायचे, काकू लाडू द्यायची, काका खंड काढून द्यायचे आणि पान दुमडू नकोस म्हणायचे. मग मध्ये भिंत आली. त्यानंतर माझ्यापुरता मराठीतला अर्धा कोश बंदच झाला. तुम्हा दोघांत नेमकं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही.

दिवाळीत येते आहे, रजा मिळाली. तेव्हा मला "म"मधला एक शब्द पाहायचा आहे. काकांना आधी फोन करून ठेवाल का? नंबर लावून फोन आईच्या हातात दिलात तरी चालेल, ती बोलेल.

तुमची,
ताई