पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दादांना, साताऱ्याहून

दादा,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही माझा लॅपटॉप दुरुस्त केलात, पण गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पावतीवर 'स्क्रीन केबल, १ नग' एवढंच लिहिलंय. म्हणून हे पत्र असं चारचौघांसमोर लिहिते आहे. कुणीतरी वाचेल, गल्लीत दाखवेल, तुमच्यापर्यंत पोचेल.

मी घरी बसून डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावते. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. यंदा भाद्रपदात अंकाची १६० पानं लागत आली होती आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर गुलाबी-हिरव्या उभ्या रेघा आल्या. दोन दिवस रेघा, तिसऱ्या दिवशी अंधार. पंखा फिरायचा, कीबोर्डचे दिवे लागायचे, दिसायचं मात्र काहीच नाही. गावात एका ठिकाणी दाखवला. त्यांनी चालू केला, बंद केला आणि सांगितलं, "ग्राफिक्स चिप, म्हणजे चित्र तयार करणारी चिप, गेली. मदरबोर्ड बदला, २२ हजार. नाहीतर चिपला हीट मारून बघू, ३ हजार." पाच मिनिटांत निकाल. रात्रभर डोळा लागला नाही. २२ हजार म्हणजे अंकाची सगळी मजुरी आणि वर पदरचे पैसे.

सकाळची पहिली एसटी धरून स्वारगेटला उतरले. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या कामानं माझं वर्षानुवर्षं येणं-जाणं. तिथून तुमची गल्ली हाकेच्या अंतरावर, पण स्वतःचं काम घेऊन कधी आत शिरले नव्हते.

तुम्ही लॅपटॉप हातात घेतलात आणि सुरू करायच्या आधी विचारलंत, "ताई, याचं झाकण कसं उघडता?" मी करून दाखवलं. नेहमीसारखं, एका हातानं, उजव्या कोपऱ्याला धरून. तुम्ही फक्त मान हलवलीत. मग विचारलंत, पडला होता का, पाणी सांडलं होतं का, रेघा झाकण हलवल्यावर बदलायच्या का. हा शेवटचा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता, आणि उत्तर 'हो' होतं!

एचडीएमआयची वायर लावून तुम्ही काउंटरवरचा मॉनिटर माझ्याकडे वळवलात. त्यावर माझं मुखपृष्ठ उमटलं, झेंडूच्या केशरी रंगासकट, स्वच्छ. म्हणजे चिप शाबूत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही म्हणालात, "लगेच नक्की समजू नका. तुमच्या लॅपटॉपला दोन ग्राफिक्स आहेत, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. काही मॉडेलमध्ये स्क्रीनची वाट एकाकडून येते आणि एचडीएमआयची दुसऱ्याकडून. अजून बघू." चांगली बातमी हाताशी असताना थांबणं, हे मला फार मोठं वाटलं.

मग मोबाईलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरका धरलात. त्या उजेडात खोल पाण्यात दिसावं तसं माझं पान पुसट दिसलं. अक्षरं होती, मार्जिन होतं. "चित्र इथवर येतंय, फक्त मागचा दिवा लागत नाही." झाकण हळूहळू मागं नेलंत. एका जागी दिवा लागला, रेघा आल्या. आणखी थोडं मागं नेल्यावर रेघा गेल्या, पुढं आणल्यावर पुन्हा आल्या. रेघा असतानाच तुम्ही स्क्रीनशॉट काढलात आणि तो बाहेरच्या मॉनिटरवर उघडलात. त्यात एकही रेघ नव्हती. झाकण त्याच जागी धरून लॅपटॉप पुन्हा सुरू केलात आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानावर, गेलात. तिथं रेघा होत्या. "इथं विंडोज अजून सुरूच झालेलं नाही, त्यामुळं ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजमधून ग्राफिक्स चालवणाऱ्या प्रोग्रामला, दोष देता येत नाही. आणि स्क्रीनशॉट स्वच्छ आहे. म्हणजे रेघा चित्रात नाहीत ताई, चित्र स्क्रीनपर्यंत येतं त्या वाटेवर आहेत."

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

त्यानंतर स्क्रू. बॅटरीचा कनेक्टर आधी काढलात आणि तो आधी का काढायचा हेही सांगितलंत. बिजागरीपाशी ३० पिनांची केबल वळते, तिथं तिचं वरचं आवरण सोललं होतं. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. केसासारख्या तारा, त्यातल्या दोन-तीन तुटलेल्या. चित्राचे सिग्नल आणि मागच्या दिव्याची वीज, दोन्ही त्याच केबलमधून जातात, म्हणून आधी रेघा आणि मग अंधार. वर्षानुवर्षं एका कोपऱ्यानं झाकण उघडल्यानं सगळा ताण त्याच बिजागरीवर येत होता. चिपला हीट मारली असती तर काय झालं असतं, हे मी भीत भीत विचारलं. खरोखर बिघडलेली चिपसुद्धा तशानं काही आठवडे चालते आणि पुन्हा जाते, असं तुम्ही सांगितलंत. आणि माझी तर चांगली होती.

केबलचे ९००, मजुरीचे ३००. मी पाचशेची आणखी एक नोट पुढं केली, ती तुम्ही परत केलीत आणि पावतीच्या मागं चार ओळी लिहून दिल्यात: बाहेरचा मॉनिटर, टॉर्च, बायोस, स्क्रीनशॉट. खाली विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं. स्क्रीन अडकली तर ती एकदम दाबायची, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो.

दहा दिवसांनी ती पावती उपयोगी पडली. रात्री साडेअकराला पीडीएफ काढताना स्क्रीन काळी झाली आणि दोन-तीन सेकंदांनी परत आली. पुन्हा तेच. पोटात गोळा आला, पण मी पावती काढली. बाहेरचा मॉनिटर जोडला, तोही त्याच वेळी काळा होत होता, म्हणजे केबल नाही. झाकण हलवून फरक पडत नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली: डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, तो पुन्हा सुरू केला. ग्राफिक्सनं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज असं करतं, हे त्या रात्री वाचून कळलं. आदल्याच दिवशी अपडेटमधून नवा ड्रायव्हर आला होता. डिव्हाइस मॅनेजरमधून जुना परत आणला. पहाटे अडीचला १६० पानांची पीडीएफ एका दमात निघाली. कुणाला फोन करावा लागला नाही, दादा. हे मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा तिला नीट कळलं नसेल, तुम्हाला कळेल.

झाकण आता दोन्ही हातांनी, मधोमध धरून उघडते.

अंक छापून आला आहे. तुमच्यासाठी एक प्रत कागदात गुंडाळून ठेवली आहे, पुढच्या खेपेला घेऊन येते. मुखपृष्ठावरचा केशरी बघा. तुमच्या काउंटरवरच्या मॉनिटरवर दिसला होता, तसाच उतरला आहे.

आपली,
साताऱ्याची ताई