क्लबच्या मेंबरशिपबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू कंट्री क्लबचं विचारलंस आणि बाबा लगेच "घेऊन टाक" म्हणाले. मी गप्प होते. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

कंट्री म्हटलं की मला आधी इथली कंट्री गाणीच आठवतात. अमेरिकेत नॅशव्हिलजवळ ब्रेंटवुडला आलो तेव्हा माझ्या जुन्या गाडीत रेडिओवर फक्त एएम लागायचं. आठवतंय? आय-६५ महामार्गावरून रेडिओचा तो हिऱ्याच्या आकाराचा, आठशे फुटांहून उंच मनोरा दिसला की तू मागून ओरडायचास, "आई, बदल ना!" बदलून लावणार काय? ६५० वर डब्ल्यूएसएम हे कंट्री गाण्यांचं स्टेशन, बाकी नुसती खरखर. पहिल्यांदा निवेदक "बँजो" म्हणाला तेव्हा मला विसर्जनाच्या मिरवणुकीतला आपला बेंजो आठवला. निघालं भलतंच. आपल्या बेंजोला तारांवर पट्ट्या असतात, त्यांच्या बँजोला तारांखाली ताणलेलं चामडं. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी तो अमेरिकेत रुजवला.

हे स्टेशन काढलं एका विमा कंपनीने, १९२५ मध्ये. ग्रँड ओल ऑप्री हा त्यावरचा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. शेतकरी, गिरणीतले कामगार रेडिओला कान लावून बसायचे आणि एजंट त्यांच्या दारी पॉलिसी विकायचे. नॅशव्हिलच्या बड्या लोकांना मात्र त्याची लाज. आपलं शहर म्हणजे दक्षिणेचं अथेन्स, तिथे ही गावंढळ गाणी कशाला! १९४३ मध्ये खुद्द गव्हर्नरने ऑप्रीच्या समारंभाला यायचं नाकारलं. आपल्याकडे नाही का, तमाशाला नाकं मुरडणाऱ्यांच्या घरी रेडिओवर लावणी लागायची?

आणि डीफोर्ड बेली. ऑप्रीच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक, काळा माणूस. माउथ ऑर्गनवर अशी आगगाडी काढायचा की रूळ दिसावेत. दौऱ्यावर बाकीच्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये काढून टाकलं. कंट्री संगीतातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, घेतलं २००५ मध्ये, तो जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर.

आता क्लब. तू लहान असताना बाबांच्या साहेबांनी आम्हाला एका क्लबात जेवायला नेलं होतं. बाबा नवी कोरी जीन्स घालून गेले. दारातल्या माणसाने अगदी गोड हसून सांगितलं, जीन्स चालत नाही. घरी येऊन बदलून परत गेलो. आत बघते तर फिडल वाजवणारा बँड, डोक्याला काउबॉय हॅट आणि चौघांच्याही अंगात जीन्स! ते स्वयंपाकघराच्या दाराने आले होते. बाबांनी निदान कॉफीचे तरी पैसे देऊ म्हटलं, तर तिथे रोख घेतच नाहीत, मेंबरच्या नंबरावर सही. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. आता विसरलेत बहुतेक.

घेऊ नको म्हणत नाही मी. तुला गोल्फ आवडतो, पोरांना पोहायला होईल. पण प्रवेश फी सोडताना परत मिळते का, दरमहा किती, आणि खाल्लं नाही तरी जेवणाचं ठरावीक बिल लावतात ते किती, हे लेखी घे. दोन मेंबरांची शिफारस लागते म्हणालास. ते दोघं कोण?

बाबांची ती जीन्स कपाटात आहे अजून. तुला होईल.

तुझी,
आई