अठ्ठ्याहत्तर नंबर मायामीला गेला

बाल्टिमोर, मेरीलँड
२४ ऑक्टोबर २०१३

ती. आप्पा व ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आप्पा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहायचं ठरवलंय. तुम्ही विचारलंत, "फेब्रुवारीत तुमच्या गावाच्या टीमनं कप जिंकला म्हणून एवढी नाचत होतीस, आता गप्प का?" गप्प आहे कारण रेव्हन्सचं, म्हणजे आमच्या बाल्टिमोरच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं, यंदा बरं चाललेलं नाही. सात सामन्यांत तीन जिंकले, चार हरले. आणि या सोमवारी त्यांनी ब्रायंट मॅकिनीला मायामीच्या टीमला देऊन टाकलं. त्याचंच मनाला लागून राहिलंय.

मॅकिनी लाइनमन, जागा लेफ्ट टॅकलची, पाठीवर ७८ नंबर. सहा फूट आठ इंच उंच आणि वजन दीडशे किलोच्या पुढे. परवाच्या सप्टेंबरात चौतीस वर्षांचा झाला. त्याच्या बदल्यात रेव्हन्सना पैसे मिळाले नाहीत, दुसरा खेळाडूही नाही. पुढे कधीतरी कॉलेजची नवी पोरं निवडताना अगदी खालच्या फेरीतली एक निवड मिळेल, तीही अटींवर.

तुम्हाला हा खेळ नीट कळावा म्हणून थोडं समजावते. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरतो आणि पुढे धावणाऱ्या गड्याकडे फेकतो. त्याला फेकायला दोन-तीन सेकंद तरी लागतात. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना अडवायला क्वार्टरबॅकपुढे पाच जण उभे असतात, ते हे लाइनमन. आमचा क्वार्टरबॅक फ्लॅको उजव्या हातानं फेकतो. फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते, म्हणजे डावीकडून येणारा त्याला दिसतच नाही. ती बाजू लेफ्ट टॅकल सांभाळतो.

आप्पा, तुम्ही मला शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा दिला होतात. लोक टाळ्या वाजवायचे चढाई करणारीला, पेपरात नाव यायचं तिचंच, पण तुम्ही रेषेबाहेरून ओरडायचात ते माझ्या नावानं, "कोपरा सोडू नकोस!" मॅकिनीची जागा तशीच आहे. फरक इतकाच की कोपऱ्याला निदान घोटा धरून पकड करता येते, लोकांना ती दिसते. लाइनमनला चेंडू मिळत नाही आणि समोरच्याला धरून ठेवलं तर दहा यार्डांचा दंड. टीव्हीवर सामन्याचे आकडे दाखवतात, त्यात धावणाऱ्याचे यार्ड असतात, फेकणाऱ्याचे असतात, या पाच जणांच्या नावापुढे काहीच नसतं. दंड झाला की मात्र पंच माइकवरून अख्ख्या स्टेडियमला नंबर सांगतो. सत्तर हजार लोकांपुढे त्याचा नंबर पुकारला जातो तो एवढ्यासाठीच.

१५ सप्टेंबरला आम्ही क्लीव्हलँडविरुद्धचा सामना पाहायला गेलो होतो. वर, अगदी टोकाच्या रांगेत जागा मिळाली. तिथून चेंडू कुठे गेला ते नीट कळत नाही, पण मांडणी छान दिसते. मी चेंडूचा नाद सोडला आणि फक्त ७८ कडे बघत बसले. चेंडू हलला की तो डावा पाय मागे सरकवायचा, मग उजवा ओढून घ्यायचा, पुन्हा डावा. बूड खाली, पाठ ताठ, दोन्ही तळवे छातीपुढे उघडे. एवढा मोठा माणूस उलट पावली सरकताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नव्हता. समोरचा पोरगा बाहेरून वळसा घालायला गेला की हा त्याच्या खांद्याला तळवा लावून त्याला आणखी बाहेर, क्वार्टरबॅकच्या मागून वाहवत न्यायचा. ते जमलं की सुरेख दिसायचं. पण धावायचा डाव असला की त्याला पुढे, आडवं पळून माणूस अडवावा लागतो. तिथे तो उशिरा पोहोचत होता. कंबरेतून वाकायचा, हात टाकायचा, आणि समोरचा निसटून जायचा. मध्यंतराला आम्ही सहा-शून्य मागे होतो. शेवटी १४-६ जिंकलो, पण लोक खूश नव्हते.

तेव्हा मी असं म्हणत नाही की तो चांगला खेळत होता. २९ सप्टेंबरला बफेलोत तर पार वाट लागली. फ्लॅकोनं चेंडू पाच वेळा समोरच्यांच्या हातात दिला. धावायचा डाव अख्ख्या सामन्यात फक्त नऊदा खेळला, कारण धावून काही हातीच लागत नव्हतं. त्याच आठवड्यात रेव्हन्सनी जॅक्सनव्हिलहून यूजीन मन्रो आणला, त्याच्यासाठी चौथ्या आणि पाचव्या फेरीतली निवड मोजली. मन्रो सव्वीस वर्षांचा. त्यानं मॅकिनीची जागा घेतली, आणि पुढच्या काही दिवसांत मॅकिनीला घराबाहेरचा रस्ता दाखवला. व्यवस्थापक म्हणून ऑझी न्यूसमनं जे केलं ते बरोबर केलं, असं मलाही वाटतं. इथे सगळ्या टीमांना पगाराची एकच मर्यादा आहे, यंदा बारा कोटी तीस लाख डॉलर. मार्चमध्ये फ्लॅकोशी सहा वर्षांचा बारा कोटींचा करार झालाय. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला पोसायला जागा उरत नाही.

मला राग येतो तो इथल्या लोकांच्या बोलण्याचा. ऑफिसात, दुकानात, बसमध्ये, जो तो म्हणतो, "गेला ना मॅकिनी, आता बघा." जसं काही सगळा बिघाड त्याच्या एकट्याच्या अंगात होता! मधोमध उभा राहणारा, चौघांना हाका मारून समोर काय येतंय ते सांगणारा मॅट बर्क कप जिंकून निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला पोरगा नवखा आहे. शेजारच्या ओसेमेलीची पाठ धरलीय. ज्याच्याकडे अडल्या वेळी हमखास चेंडू फेकावा तो अँक्वान बोल्डिन मार्चमध्ये सहाव्या फेरीच्या एका निवडीवर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. चेंडू झेलणाऱ्या डेनिस पिटाचं कमरेचं हाड जुलैत सरावातच निखळलं. शिवाय धावण्याच्या डावांसाठी यंदा नवा प्रशिक्षक आला, वान कॅस्टिलो. त्याच्या पद्धतीत पाचही जणांनी एका दमात आडवं धावायचं असतं. चपळ पोरांना ते जमतं. सहा फूट आठ इंचाच्या माणसाला चौतिसाव्या वर्षी ते शिकवायचं म्हणजे कठीणच. मन्रो आल्यानंतर ग्रीन बेकडून दोन गुणांनी हरलो आणि पिट्सबर्गकडून तीन गुणांनी. धावणं अजूनही जागचं हललेलं नाही.

आणि लोक जानेवारी विसरले. गेला अख्खा मोसम मुख्य प्रशिक्षक हॅरबॉनं मॅकिनीला बाकावरच बसवलं होतं. बाद फेरी सुरू झाली तेव्हा त्यानं लाइनची मांडणी बदलली, मॅकिनीला त्याची जुनी जागा परत दिली आणि दोन तरुणांना दुसरीकडे हलवलं. चारच्या चार सामने तो लेफ्ट टॅकल म्हणून खेळला. त्या चार सामन्यांत फ्लॅकोनं अकरा टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे चेंडू, फेकले आणि एकदाही चेंडू समोरच्यांच्या हाती लागू दिला नाही. डेन्व्हरच्या कडाक्याच्या थंडीत, शेवटची एकतीस सेकंदं उरलेली असताना, सत्तर यार्डांचा जो चेंडू त्यानं टाकला त्याचा व्हिडिओ मी तुम्हाला दाखवला होता. पुन्हा बघा, पण चेंडूकडे बघू नका, त्याच्या आधीचे दोन-तीन क्षण बघा. फेकायला वेळ मिळाला म्हणून तो फेकला गेला. अंतिम सामन्यात समोर सॅन फ्रान्सिस्कोचा ऑल्डन स्मिथ होता. त्या मोसमात साडेएकोणीस वेळा त्यानं क्वार्टरबॅकला आडवं केलं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला एकदाही जमलं नाही. ३४-३१ असा निसटता सामना, आप्पा. तिथे एक पकड इकडची तिकडे झाली असती तर कप कुठे गेला असता? त्या कपाच्या मिरवणुकीला हेच लोक जांभळे झेंडे घेऊन लोटले होते.

हा माणूस कधीकाळी सगळ्यांना हवा होता. मायामी विद्यापीठात असताना २००१ साली देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचं, आउटलँड ट्रॉफी नावाचं, बक्षीस त्याला मिळालं. २००२ मध्ये मिनेसोटानं त्याला पहिल्याच फेरीत सातव्या क्रमांकावर उचललं. नऊ मोसम तिथे काढल्यावर २०११ साली वजन वाढलं म्हणून त्यांनी काढून टाकलं. तेव्हा रेव्हन्सनी त्याला घेतलं. म्हणजे गळ्यात पडलेला म्हणून नाही, गरज होती म्हणून घेतला, आणि गरज त्यानं भागवली.

या व्यवहारांची साखळी बघितली की आणखी विचित्र वाटतं. जॅक्सनव्हिलनं मन्रोला का सोडलं? कारण त्यांनी यंदा दुसऱ्या क्रमांकावर ल्यूक जोकेल नावाचा पोरगा निवडला होता. मन्रो गेला, जोकेल त्याच्या जागेवर उभा राहिला आणि पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. मायामीला लेफ्ट टॅकल का हवा होता? कारण त्यांचा जेक लाँग मार्चमध्ये सेंट लुईसला निघून गेला, आणि त्याच्या जागेवर जोनाथन मार्टिनचं बस्तान बसेना. त्यांच्या तरुण क्वार्टरबॅकला, टॅनेहिलला, दर रविवारी इतका मार बसतोय की बघवत नाही. एका ठिकाणचा खांब काढून दुसरीकडे लावायचा, तिथला तिसरीकडे, असं चाललंय. माणसाला कुणी विचारत नाही. फार थोड्या मोठ्या खेळाडूंच्या करारात "माझ्या संमतीशिवाय पाठवायचं नाही" असं लिहिलेलं असतं. बाकीच्यांना फोन येतो, बॅग भरायची, विमान धरायचं, नव्या गावात डॉक्टरांनी तपासून पास केलं की व्यवहार पक्का. बायकापोरं, पोरांची शाळा, हे ज्याचं त्यानं निस्तरायचं.

शरीराचीही किंमत मोजतात ही माणसं. दर डावाला डोकं डोक्यावर आपटतं, एका सामन्यात साठ-साठ डाव. मेंदूला झालेल्या इजेबद्दल हजारो निवृत्त खेळाडूंनी लीगवर दावा लावला होता. ऑगस्टअखेर लीगनं साडेशहात्तर कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ते वाचलं त्या दिवसापासून मी हा खेळ वेगळ्या नजरेनं बघते. बघायचा मात्र सोडवत नाही.

इकडे नेटवर रोज सचिनच्या बातम्या वाचते. पुढच्या महिन्यात वानखेडेवर त्याची दोनशेवी कसोटी, आईला पाहता यावं म्हणून मुद्दाम मुंबईत. वाचताना ऊर भरून येतो. यंदा जानेवारीत रेव्हन्सच्या रे लुइसनंही इथे असाच निरोप घेतला, घरच्या मैदानावर अखेरची फेरी मारून, लोक रडत होते. ते त्याचं हक्काचंच होतं. माझी अपेक्षा तेवढी नाहीच. रेव्हन्सचा पुढचा रविवार सुट्टीचा आहे, त्यानंतर कधीतरी घरचा सामना असेल, तेव्हा मोठ्या पडद्यावर जानेवारीतले दोन डाव दाखवून "७८ नंबरनं हे केलं" एवढं जरी म्हटलं तरी पुष्कळ झालं. सोमवारी चार ओळींची बातमी आली आणि मंगळवारी सगळे पुढच्या व्यवहाराच्या गप्पा मारू लागले, कारण अदलाबदलीची मुदत २९ तारखेला संपतेय.

त्यातल्या त्यात एक बरं झालं. ज्या गावात तो कॉलेजला होता, नावारूपाला आला, त्याच गावी परत गेलाय. आणि तिथे त्याला बाकावर बसवायला नेलेलं नाही, जागा मोकळी आहे. ३१ तारखेला, गुरुवारी रात्री, मायामीचा सिनसिनाटीशी सामना आहे. तेव्हा तुमच्याकडे धनत्रयोदशीची पहाट असेल. मी जागून बघणार आहे. डोळे डाव्या बाजूला. कसा खेळला ते पाडव्याला फोन करीन तेव्हा सांगते. फोन दादाला घ्यायला सांगा, तो तुम्हाला मोठ्यानं सांगेल.

आईला म्हणावं चकलीची भाजणी पोचली, वास अजून तसाच आहे. शनिवारी करायला घेते. बीपीच्या गोळ्या दोघांनीही चुकवू नका, आणि आप्पा, मैदानावर पोरांना शिकवायला जाता ते ठीक, पण स्वतः वाकून दाखवू नका. सांगून शिकवा.

तुमची,
धाकटी